बर्ड थांबला की मशीन बंद

वर्षातून दोनदा मला एका यादीचे वेध लागतात. अमेरिकेत २००८ पासून 'रेकॉर्ड स्टोअर डे' नावाचा एक सण सुरू झालाय, एप्रिलमधल्या एका शनिवारी. त्याचं धाकटं भावंड नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी येतं. उरलीसुरली रेकॉर्डची दुकानं तगावीत म्हणून कंपन्या त्या दिवसासाठी खास तबकड्या काढतात. त्यांची यादी आधीच जाहीर होते आणि दहावीच्या निकालात नंबर शोधावा तशी मी ती वरून खाली वाचतो. शोधायचं एकच असतं. बीबॉपच्या काळातलं, आजवर कुणी न ऐकलेलं काही निघालंय का?

"जो माणूस १९५५ साली गेला, त्याचं आता नवीन काय येणार?" असं आमच्याकडे दरवर्षी विचारलं जातं. प्रश्न चोख आहे. उत्तर जरा लांबलचक आहे आणि शेवटी त्याचा नात्यातल्या मंडळींशी थेट संबंध येणार आहे, तेव्हा थोडा धीर धरा.

ज्यांना जॅझशी फारसं देणंघेणं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४० च्या सुमारास अमेरिकेत जॅझ म्हणजे मुख्यतः नाचायचं संगीत. पंधरा-सोळा वादकांचे ताफे, मोठाले हॉल, जोडीजोडीने नाचणारे लोक. रात्रीची ही नोकरी आटोपली की न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, ११८ व्या रस्त्यावरच्या 'मिंटन्स प्लेहाउस' नावाच्या छोट्याशा जागेत काही तरुण वादक जमायचे आणि स्वतःच्या समाधानासाठी वाजवायचे. पियानोवर थेलोनियस मंक, ड्रम्सवर केनी क्लार्क, ट्रम्पेट घेऊन डिझी गिलेस्पी. आणि थोडं पुढे, सॅक्सोफोन घेऊन चार्ली पार्कर, ज्याला सगळे 'बर्ड' म्हणत. ओळखीच्या गाण्याचे फक्त स्वरमेळ ठेवायचे, त्यावर वेडीवाकडी वळणं घेणारी नवीन धून बसवायची, आणि मग एकेकाने अशा लयीत उपज करायची की नाचणाऱ्याचे पाय थांबावेत आणि कान उघडावेत. याला पुढे बीबॉप हे नाव पडलं.

आता दुर्दैव बघा. हे सगळं शिजत होतं नेमक्या त्याच वेळी, १ ऑगस्ट १९४२ ला, अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. जेम्स पेट्रिलो हे तिचे अध्यक्ष. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर रेकॉर्डी वाजतात आणि आमची पोटं मारली जातात, तेव्हा कंपन्यांनी त्याचा मोबदला द्यावा, ही मागणी. मागणी रास्तच होती. डेक्का कंपनीने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, व्हिक्टर आणि कोलंबियाने मात्र नोव्हेंबर १९४४ पर्यंत ताणून धरलं. १९४३ साली अर्ल हाइन्सच्या ताफ्यात बर्ड आणि डिझी शेजारी शेजारी वाजवत होते. त्या ताफ्याची एकही रेकॉर्ड कंपनीने काढलेली नाही. एखाद्या घरातल्या मुलाचे रांगतानाचे, पहिलं पाऊल टाकतानाचे फोटोच नसावेत आणि अल्बम एकदम शाळेच्या गणवेशातल्या फोटोने सुरू व्हावा, तसं हे झालं.

आणि रेकॉर्डिंग पुन्हा सुरू झाल्यावर तरी काय? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. पाच जणांनी त्यात धूनही वाजवायची आणि उपजही करायची. म्हणजे तासभर रंगणाऱ्या ख्यालाची तीन मिनिटांची रेकॉर्ड. आपल्याकडेही तेच होतं म्हणा.

त्यामुळे बीबॉप प्रत्यक्ष रात्री कसं वाजत असेल हे कळायला आपल्याला कंपन्यांचा उपयोग फारसा नाही. उपयोग आहे तो पदरमोड करणाऱ्या वेड्यांचा. कोलंबिया विद्यापीठात शिकणारा जेरी न्यूमन १९४१ मध्ये तबकडी कोरायचं यंत्र घेऊन मिंटन्समध्ये जायचा. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन मार्च १९४२ मध्ये अवघ्या पंचविसाव्या वर्षी गेला. त्याचं मोकळं, लांबवर चालणारं वादन आज ऐकता येतं ते न्यूमनच्या कृपेने. बॉब रेडक्रॉस नावाच्या मित्राने फेब्रुवारी १९४३ मध्ये शिकागोतल्या एका हॉटेलच्या खोलीत बर्ड आणि डिझीला मुद्रित केलं. बर्डने 'रेड क्रॉस' नावाची एक धून बांधली, ती या मित्राच्या नावावरून.

२२ जून १९४५ चा न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधला कार्यक्रम हा तर चमत्कारच. बर्ड, डिझी, ड्रम्सवर मॅक्स रोच. त्याच्या तबकड्या कुठेतरी पडून होत्या आणि २००५ मध्ये अपटाउन नावाच्या छोट्या कंपनीने ते मुद्रण बाहेर काढलं. साठ वर्षांनी! बर्ड वेळेवर पोचलेला नाही म्हणून डॉन बायसला उभं केलंय, आणि धून चालू असतानाच बर्ड येऊन दाखल होतो. पुस्तकात हे एक वाक्य असतं. इथे तो येतो तेव्हा हॉलमधली हवा बदलते ती कानाला कळते.

तर आता मुख्य माणसाकडे येतो. डीन बेनेडेट्टी.

हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि बर्डने झपाटलेला होता. मार्च १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'हाय-डी-हो' क्लबमध्ये बर्ड वाजवत होता. जानेवारीतच तो कॅमरिलोच्या मनोरुग्णालयातून बाहेर आलेला, तब्येत सुधारलेली, हात मोकळा सुटलेला. बेनेडेट्टी यंत्र घेऊन रात्रीमागून रात्री तिथे हजर. पुढे १९४८ मध्ये न्यूयॉर्कलाही त्याने हेच केलं, तेव्हा तबकड्यांऐवजी कागदी फितीवर. १९५७ मध्ये तो इटलीत वारला, पस्तिशीही गाठली नव्हती. त्यानंतर तीस वर्षं जॅझच्या दुनियेत त्याच्या मुद्रणांची दंतकथा झाली. कुणी म्हणे ती हरवली, कुणी म्हणे तशी काही नव्हतीच. ती त्याच्या भावाकडे सुखरूप होती. १९९० मध्ये मोझेक कंपनीने सात सीडींचा संच काढला. फिल शाप या अभ्यासकाने (न्यूयॉर्कच्या रेडिओवर वर्षानुवर्षं रोज सकाळी बर्ड वाजवणारा अवलिया, २०२१ मध्ये गेला) त्या जीर्ण मुद्रणांवर अपार कष्ट घेतले होते.

आणि संच उघडल्यावर लोकांना मिळालं काय? तुकडे. बेनेडेट्टीला बर्डकडून शिकायचं होतं. कोऱ्या तबकड्या महाग. म्हणून बर्ड वाजवायला लागला की मशीन चालू, बर्ड थांबला की मशीन बंद! ट्रम्पेटवाल्या हॉवर्ड मॅगीची पाळी आली, बंद. पियानोवाला पुढे सरसावला, बंद. काही तुकडे मिनिटभराचेही नाहीत. बर्ड एखाद्या वळणावर असं काही वाजवतो की आपण श्वास धरतो, आता याला मॅगी काय उत्तर देणार म्हणून कान टवकारतो.. आणि खट्.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बेनेडेट्टीचा राग आला होता. मग वाटलं, राग कसला? त्याने हे केलं नसतं तर एवढंही नसतं. तो आपल्यासाठी रेकॉर्ड करतच नव्हता. त्याला जे प्रिय होतं ते त्याने जपलं आणि बाकीचं सोडून दिलं. सगळेच जपणारे असंच करतात. पुढच्या पिढीला नेमकं ते सोडून दिलेलंच हवं असतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

एक खटकणारी गोष्टही सांगायला हवी. या खाजगी मुद्रणांचा वादकांना त्या रात्री छदामही मिळालेला नाही आणि आपलं कुठलं वादन जगापुढे जावं हेही त्यांना कुणी विचारलेलं नाही. केसरबाईंनी मोजक्याच रेकॉर्डी दिल्या आणि मैफलीत कुणी ध्वनिमुद्रण केलेलं त्यांना खपत नसे. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण चोरून झालेलं एखादं मुद्रण उद्या निघालं तर मी ऐकणार नाही, असं म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही.

असो. नवीन काय येणार, याचं उत्तर असं आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात 'बर्ड इन एलए' आलं, त्यात १९४५ पासून १९५२ पर्यंतचं कॅलिफोर्नियातलं वादन होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात 'बर्ड इन कॅन्सस सिटी' आलं. त्यात १९५१ मध्ये गावाकडच्या मित्राच्या घरी जमून वाजवलेलं आहे. बर्ड जाऊन इतकी वर्षं झाली तरी कुणाच्या तरी माळ्यावर काहीतरी सापडतंच आहे. मंक आणि कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली टेप २००५ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. १९५७ सालचं ते मुद्रण 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओने केलेलं होतं.

व्हॉइस ऑफ अमेरिका म्हटलं की आमच्या घरात एकच माणूस आठवतो. सांगलीचा मामा.

वीज मंडळातली नोकरी, संध्याकाळी टू-इन-वन घेऊन खिडकीपाशी बसायचं आणि शॉर्टवेव्हवर विलिस कॉनोव्हरचा जॅझचा कार्यक्रम लावायचा. १९५५ पासून १९९६ मध्ये मरेपर्यंत कॉनोव्हरने तो चालवला. धीरगंभीर आवाज, आणि परदेशातल्या श्रोत्यांना कळावं म्हणून एकेक शब्द सुटा सुटा उच्चारलेला. मामाने ऐंशीच्या दशकात या कार्यक्रमांच्या अडतीस कॅसेट भरल्या. त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माळ्यावर होत्या, म्हणूनच २०१९ च्या महापुरात वाचल्या. खालच्या खोलीतलं काही उरलं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यातल्या सात ऐकल्या. मामा कॅसेट वाचवायचा. कॉनोव्हर बोलायला लागला की खट्. धून सुरू झाली की चालू. त्यामुळे कोण वाजवतंय, कुठलं साल, हे कॉनोव्हरने जे जे सांगितलं ते सगळं गेलं. बेनेडेट्टीचा सख्खा भाऊच आमचा मामा! पण एक गोष्ट त्याला बंद करता आली नाही. तो माईक लावून टेप करायचा, म्हणून खोलीतलं सगळं त्यात उतरलंय. शिट्टी देणारा कुकर. रस्त्यावरून जाणारी सायकलची घंटा. आणि एका जागी, ट्रम्पेट ऐन भरात असताना, मामीचा आवाज, "अहो, दूध बघा हं जरा." त्यावर मामाचं अगदी हळू "श्श". मामी जाऊन एकवीस वर्षं झाली. तिच्या आवाजाचं दुसरं काही आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

या कॅसेट आता संगणकावर उतरवायच्या ठरल्या आहेत. न्यूजर्सीच्या मामेभावाने खर्च उचलला आहे, त्याबद्दल त्याचे आभार. त्याचं म्हणणं, खरखर आणि घरातले आवाज काढून स्वच्छ संगीत तेवढं ठेवू. त्याचा हेतू चांगला आहे, मामालाही तेच आवडलं असतं. पण त्या कॅसेटमधलं संगीत जगात दुसरीकडे कुठे ना कुठे असेलच. दूध बघा म्हणणारी मामी नसेल. म्हणून त्याला आणि बाकी सगळ्यांना माझी विनंती आहे. स्वच्छ प्रत हवी तर जरूर करा, पण आधी एक प्रत जशी आहे तशी, सलग, काहीही न कापता करा आणि प्रत्येकाच्या घरी ठेवा. आमची नातवंडं त्यात काय ऐकतील ते मला सांगता येणार नाही. कदाचित सायकलची घंटा.

दिवाळीत सांगलीला जमतोच आहोत. डबा मी घेऊन येतो.

ता. क. : चौथ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला जो अडखळत अडखळत, मध्येच गप्प बसत पियानो वाजवतो तो मला मंक वाटतो. ताई म्हणते नाही. कॉनोव्हरने नक्की सांगितलं असणार!