घसारा वहीतला आणि इंजिनातला

बी.कॉम.च्या वर्गात आम्ही ‘घसारा’ हा शब्द शिकलो. यंत्र विकत घेतले की दरवर्षी त्याची किंमत ठरावीक टक्क्यांनी कमी दाखवायची, एवढाच त्याचा अर्थ तेव्हा कळला होता. वहीत हा घसारा एका ओळीत संपतो. पुढे पोटापाण्यासाठी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात कारकून म्हणून बसलो, तेव्हा खरा घसारा डोळ्यांनी पाहिला. खोललेल्या इंजिनाच्या लायनरला वरच्या कडेशी नख अडकेल अशी पायरी पडलेली, रिंगा झिजून पातळ झालेल्या, आणि मालक बाहेर ओट्यावर डोके धरून बसलेला. हा घसारा वर्षाच्या हिशेबाने येत नाही. तो धुळीच्या हिशेबाने येतो.

आमच्या समाजातल्या अनेक घरांत आज चाकाचे साधन आले आहे. कोणी कर्ज काढून जुना ट्रॅक्टर घेतला, कोणाची जीप मुरमाच्या रस्त्याने वाडी-तांड्यावर जाते, कोणाचा मुलगा खडीच्या खाणीवर टिपर चालवतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर देण्याची शासनाची योजना २०१२ साली आली. ३.५ लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आणि १० टक्के गटाचा स्वहिस्सा, असे तिचे स्वरूप ठरले. गटांची कागदपत्रे जुळवण्याचे काम आम्ही सुटीच्या दिवशी करीत आलो. त्या १० टक्क्यांत किती बायकांची मजुरी असते, ते आम्हाला ठाऊक आहे. म्हणून असा ट्रॅक्टर दोन-तीन हंगामांत धूर ओकत गॅरेजात आला की बिल लिहिताना हात जड होतो.

इंजिन डिझेलवर चालते असे आपण म्हणतो. पण त्याला डिझेलपेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी १० हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात इंजिन त्याहून अधिक ओढते. डांबरी रस्त्यावर ही हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते. रोटाव्हेटर मारताना, मळणी यंत्राशेजारी किंवा खाणीच्या रस्त्यावर तीच हवा मातीने भरलेली असते. मातीतली बारीक वाळू लोखंडाला घासते. डोळ्याला दिसतही नाही एवढा कण पिस्टन आणि लायनरच्या मधल्या तेलात बसला की तो पॉलिश पेपरचे काम करतो. हे थांबवणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे एअर फिल्टर.

एका गटाच्या अध्यक्षा आहेत, शाळा फारशी न शिकलेल्या. नवा ट्रॅक्टर दाखवायला त्या आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, मळणीला उभं राहताना आपण तोंडाला पदर बांधतो. ह्याच्या तोंडाला काय हाय?” मिस्त्रींनी एअर क्लिनरचे झाकण उघडून दाखवले, “हा बघा मावशी, ह्याचा पदर.” इतका नेमका प्रश्न आम्हाला पदवीधर गिऱ्हाइकानेही कधी विचारला नव्हता. त्यांना मिस्त्रींनी जे समजावले, तेच इथे मांडतो.

एअर क्लिनर मुख्यतः दोन तऱ्हेचे. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाचा असतो. हवा मधल्या नळीतून खाली येते, वाटीतल्या तेलावर आपटून वर वळते. जड धूळ तेलात बसते आणि उरलेली तेलाने ओल्या झालेल्या जाळीत अडकते. धुळीच्या दिवसांत ही वाटी रोज पाहावी. इंजिन बंद करून थोडा वेळ थांबावे, म्हणजे जाळीतले तेल खाली उतरते. तेल घट्ट झाले असेल, तळाला गाळ बसला असेल, तर वाटी धुऊन नवे तेल भरावे, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी. तेल खुणेइतकेच भरावे. कमी पडले तर धूळ सुटते. जास्त भरले तर इंजिन ते तेल ओढून घेते आणि आवरेनासे पळू शकते.

दुसरा कोरडा, कागदाच्या घड्यांचा. धुळीच्या कामाला हा अधिक बारीक गाळतो. पुष्कळ यंत्रांत याचे दोन भाग असतात, बाहेरचा मोठा आणि आतला छोटा. आतला हा राखणदार आहे, बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवणारा. तो कधी साफ करायचा नसतो, पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीने बदलायचाच. बाहेरचा मात्र टायरवर आपटू नये, त्याच्या घड्या आणि कडा फाटतात. पेट्रोल-डिझेलने धुऊ नये. आतून बाहेर अशी हवा मारावी, तीही ३० पौंडांच्या आत. पंक्चरच्या दुकानातली टाकी शंभरच्या पुढे असते. तिची नळी जवळ धरली की कागदाला भोक पडते आणि ते दिसतही नाही. म्हणून साफ केल्यावर आत बॅटरीचा उजेड धरून अंधारात पाहावे. उजेडाचा ठिपका दिसला तर तो फिल्टर गेला.

फार काळजी घेणाराही इथे चुकतो. दर दोन दिवसांनी फिल्टर काढून झटकला की उघडताना थोडी धूळ आत पडते आणि घड्याही ढिल्या होतात. यंत्रावर खूण दाखवणारी काचेची नळी किंवा दिवा असेल तर तो लाल झाला म्हणजेच फिल्टर काढावा. खूण नसेल तर पुस्तिकेतले तास पाळावेत, धुळीत ते कमी करावेत. काळा धूर आणि कमी ताकद हे फिल्टर तुंबल्याचे लक्षण असू शकते, त्यावर इलाज स्वस्त आहे. निळा धूर आणि ऑइल खाणे सुरू झाले तर बहुधा घसारा आत पोचला, असे समजावे.

नवा फिल्टर घेताना पुस्तिकेतला नंबर जुळवून घ्यावा. घड्या सारख्या अंतरावर, डिंक सलग आणि रबराची कड मऊ असावी. “जवळपास बसतो” असे दुकानदार म्हणाला तर घेऊ नये. कडेला राहिलेल्या फटीतून जेवढी धूळ जाते, तेवढी चांगला कागदही भरून काढू शकत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे, हवा मोकळी सोडणारे फिल्टर शेतात कामाचे नाहीत. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपाही पाहाव्यात. त्या पाइपाच्या आतून पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर माती आली तर फिल्टर कितीही महाग असो, वाट दुसरीकडून फुटली आहे. आणि “आजच्या दिवस फिल्टरशिवाय चालवू” हे तर कधीच करू नये.

कारकुनाच्या भाषेत सांगायचे तर फिल्टरची किंमत शेकड्यांत असते आणि इंजिन खोलण्याचे बिल हजारांत. शिवाय गाडी उभी असते त्या दिवसांची मजुरी बुडते आणि हप्ता थांबत नाही. हा हिशेब मांडायला बी.कॉम. लागत नाही. त्या मावशींच्या गटाने दहा रुपयांची वही घातली आहे. आज किती तास चालला, फिल्टर कधी पाहिला, कधी बदलला, खाली चालवणाऱ्याची सही. चालवणारा त्यांचाच पुतण्या आहे, तरी सही चुकत नाही. पैशाच्या वहीइतकीच ही वही त्या सभेत वाचून घेतात.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोचते. यंत्रासाठी एकात एक दोन फिल्टर आणि त्यावर बसणाऱ्या आमच्या मुलाच्या नाकाला साधा रुमाल. खडी फोडण्याच्या जागी दगडाची बारीक भुकटी फुप्फुसात बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. रुमाल ती भुकटी अडवू शकत नाही. एन-९५ मास्क नीट बसवून लावला तर बराचसा अडवतो, आणि पाणी मारून काम केले तर धूळ मुळातच कमी उठते. खाणमालकाकडे या दोन गोष्टी मागणे हा कामगाराचा हक्क आहे. फिल्टर झटकतानाही नाक-तोंड झाकावे आणि वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे.

बंधू-भगिनींनो, ज्यांच्या दारात ट्रॅक्टर वा जीप आहे त्यांनी या आठवड्यात एअर क्लिनरचे झाकण एकदा उघडून पाहावे. सोबत घरातल्या शिकत्या मुला-मुलीला घ्यावे आणि वहीचे पहिले पान त्यांच्याच हातून लिहवून घ्यावे.