मर्यादावेलीच्या अलीकडे

वसईकराला समुद्राचे नवल ते काय? सूर्य पाण्यात बुडताना पाहतच तो लहानाचा मोठा होतो. तरीही गेल्या जानेवारीत आम्ही दोन कुटुंबे तंबू, चटया आणि स्टोव्ह गाडीत टाकून तामिळनाडूच्या किनाऱ्याने वेळांकणीपासून कन्याकुमारीपर्यंत उतरत गेलो. तिकडे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात कोसळतो. नाताळ सरला की आभाळ निवळते आणि वाळूवर पाठ टेकणाऱ्यांना बरे दिवस येतात.

वेळांकणी मातेच्या दर्शनाला आमच्यापैकी बहुतेक जण पूर्वी जाऊन आले होते. परंतु या खेपेस पावले आपोआप किनाऱ्याकडे वळली. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी याच वाळूवरून सुनामीने असंख्य यात्रेकरूंना ओढून नेले. एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे दगावली. पुढे धनुष्कोडीला पोहोचलो, तर तिथेही नाताळचाच आठवडा आडवा आला. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने ते गाव पुसून टाकले आणि पांबनहून येणारी आगगाडी उतारूंसह गिळली. प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या ख्रिस्तमंदिराच्या छप्पर नसलेल्या भिंती आजही वाळूत उभ्या आहेत. वेदीच्या जागी उभे राहून आम्ही मृतांसाठी प्रार्थना केली. परमेश्वराने समुद्राला सीमा आखून दिली, असे ईयोबच्या ग्रंथात आपण वाचतो. मग ही सीमा त्या दोन दिवशी कुठे गेली होती? हा प्रश्न आमच्यातल्या धाकट्या मुलीने विचारला. आम्हा वडीलधाऱ्यांपैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

तो प्रश्न सोबत घेऊनच आम्ही तूत्तुकुडीची मिठागरे ओलांडून मणप्पाडला आलो. समुद्रात घुसलेल्या टेकाडावर १५८१ सालचे पवित्र क्रुसाचे मंदिर आहे आणि त्याच्या पायथ्याला खडकातली गुहा. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली या किनाऱ्यावर आले. मोती काढणाऱ्या परवर समाजाने त्यापूर्वीच स्नानसंस्कार घेतला होता, पण प्रार्थना शिकवायला त्यांच्यापाशी कोणी नव्हते. झेवियरनी त्या तामिळमध्ये करवून घेतल्या, तोंडपाठ केल्या आणि हातात घंटा घेऊन गल्लोगल्ली मुले गोळा केली. पुढे आपल्या वसईच्या भूमीलाही ज्यांचे पाय लागले, त्यांनी या गुहेत एकांत शोधला, असे गावकरी सांगतात.

तंबू ठोकण्यापूर्वी आम्ही गावात विचारायला गेलो. मुंबईच्या बोटींवर काही वर्षे काढलेले एक वृद्ध मच्छीमार मोडक्या हिंदीत म्हणाले, "चला, जागा दाखवतो." आमच्याकडे भरती-ओहोटीत पाणी दोन-तीन पुरुष उंच चढते-उतरते, इथे त्याची चढउतार त्या मानाने फारच कमी असते. त्यामुळे पाण्याजवळची सपाट वाळू आम्हाला निर्धोक वाटत होती. आजोबांनी मान हलवली. तिथे पहाटे होड्या लोटायच्या होत्या आणि त्यावरच्या पट्ट्यात जाळी वाळत होती. त्याहून वर जांभळ्या फुलांची, आपट्यासारख्या दुभंगलेल्या पानांची एक वेल वाळूवर पसरली होती. तिच्यापलीकडचे उंचवट्यावरचे मैदान त्यांनी दाखवले. "वेलीच्या खाली समुद्राचं, वर माणसाचं. पण वेल तुडवू नका, तिनंच वाळू धरून ठेवलीय."

ती वेल आम्ही ओळखली. आपल्या किनाऱ्यावर तिला मर्यादावेल म्हणतात. नाव बालपणापासून ओठांवर होते, त्याचा अर्थ परमुलखात उमगला.

रात्री शेजारच्या घरातून तळलेली मासळी आणि ताडगुळाची बिनदुधाची कॉफी आली. पैसे देऊ केले, ते परत आले. सुनामीत त्या आजोबांची होडी फुटली होती. नवी मिळताच त्यांनी ती पुन्हा पाण्यात घातली. "भीती वाटत नाही?" असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "वाटते ना. म्हणून तर क्रुसाची खूण करतो." पहाटे होड्या लोटताना सगळ्यांचेच हात कपाळाकडे गेले. समोर पाण्यातून सूर्य वर येत होता. पश्चिम किनाऱ्यावरच्या आम्हाला ते दृश्य उलटे आणि म्हणूनच अपूर्व वाटले.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या किनाऱ्याने दिले, असा आमचा दावा नाही. मात्र सीमा ही समुद्राइतकीच माणसालाही घालून दिलेली आहे, एवढे तिथे स्पष्ट झाले. समुद्राने ती कधी ओलांडावी, हे आमच्या हाती नाही. आपली आपण पाळणे हाती आहे. चार तंबूखुंट्या ठोकणारा पाहुणाही कोणाच्या तरी अंगणात, कोणाच्या तरी भाकरीच्या वाटेवर उभा असतो. पाहुण्यांसाठी किनारे सपाट होतात, वाळू उपसली जाते, तेव्हा ही वेल सर्वांत आधी जाते आणि तिच्यामागून जाळी वाळवायची जागा. आपल्या धर्मग्रामांच्या सहली दरवर्षी समुद्रावर जातात. पुढच्या सहलीत मुलांना पोहायला सोडण्यापूर्वी ही वेल दाखवावी आणि जवळच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या आजोबांना विचारून मगच सतरंजी अंथरावी.