फुकटचा फ्रीज

गेल्या वर्षी शेजारचे काका-काकू पुण्याला परत गेले. जाताना त्यांनी आपला मोठा जुना फ्रीज आम्हाला दिला. फुकट मिळाला म्हणून आम्ही खूश! पण विजेचं बिल वाढलं. बाबा म्हणाले, "यंदा आजीकडे जाणं कठीण दिसतंय."

आम्ही दोघं भावंडं हिशेबाला बसलो. बाबांनी मित्राकडून प्लगला लावायचं छोटं मीटर आणलं. आठवड्यात फ्रीजने 12 युनिट वीज खाल्ली, म्हणजे वर्षाला 624. जपानमध्ये अशा हिशेबासाठी 2022 पासून युनिटला 31 येन धरतात. वर्षाचे झाले 19,344 येन!

फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो. आमचा तर भिंतीला चिकटलेला, बटण सर्वांत थंडवर आणि आत डबेच डबे. सरकारी माहितीप्रमाणे बटण मध्यमवर आणलं तरी वर्षाला सुमारे 62 युनिट वाचतात. आम्ही फ्रीज पुढे ओढला, बटण फिरवलं, शिळे डबे संपवले. आईने गरम वरण आत ठेवणं सोडलं. पुढच्या आठवड्यात मीटरवर साडेनऊ! म्हणजे वर्षाला 4,030 येन वाचतील.

एवढ्यात विमानाचं तिकीट येत नाही, हे आम्हाला कळतं. नवा फ्रीज वीज कमी घेईल, पण तो विकत घ्यायचा आणि 2001 पासून लागू असलेल्या कायद्यामुळे जुना टाकायलाही पैसे भरायचे. म्हणून सध्या हाच बरा. वाचलेले पैसे आम्ही आजीच्या तिकिटासाठी डब्यात टाकतो.

तुमचा फ्रीज किती युनिट खातो? मोजा आणि पुढच्या अंकात कळवा.