खाडीकाठचे बिऱ्हाड बडोद्यास आणताना

दुबईची खाडी प्रथमदर्शनी नदीसारखीच भासते. एका तीरावर डेरा, दुसऱ्या तीरावर बर दुबई, आणि मध्ये एका दिरहॅमात पैलतीरी पोहोचविणाऱ्या लाकडी होड्या. त्यांना तेथे अब्रा म्हणतात. डेऱ्याच्या धक्क्यावर गलबतांत चढावयाच्या मालाच्या राशी आम्ही कितीदा तरी पाहिल्या आहेत: शीतकपाटे, टायर, तांदळाची पोती, सारे उघड्या आभाळाखाली. या समुद्रावर मांडवी-सलायाचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या वावरले. १९६६ पर्यंत दुबईच्या बाजारात रुपयाच चालत असे, आणि मुंबई व आखाती बंदरे यांमध्ये ‘द्वारका’ ही उतारू बोट १९८२ पर्यंत ये-जा करीत होती. तिच्या डेकवरून येणारा माणूस आपल्या ट्रंका सोबतच आणी. विमान आले आणि बिऱ्हाड किलोत मोजले जाऊ लागले.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज आखातात आहेत. तेथे नोकरी संपली की वास्तव्याचा परवानाही संपत येतो. आवराआवरीस सवड थोडी मिळते. अशा वेळी करामा आणि नाइफ भागांतील कार्गोची दुकाने उपयोगी पडतात. त्यांचा माणूस घरी येतो, खोकी बांधतो, वजन करतो आणि थेट आपल्या दारापर्यंत पोहोचविण्याचा दर किलोमागे सांगतो. समुद्रमार्गाचा निराळा, हवाईमार्गाचा निराळा. चार-पाच खोक्यांचाच संसार असेल तर याहून सोयीचे काही नाही.

तथापि हवाईमार्गाचे एक गणित ठाऊक असावे. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरांत घेऊन गुणाकारास सहा हजारांनी भागतात. येणारा आकडा प्रत्यक्ष वजनाहून मोठा असेल तर भाडे त्याचे. साठ, पन्नास आणि चाळीस सेंटिमीटरांचे खोके या हिशेबाने २० किलोंचे ठरते, मग आत बारा किलोंच्या रजया का असेनात! कुरिअरवाले बहुधा पाच हजारांनी भागतात, म्हणजे तेच खोके २४ किलोंचे होते.

समुद्राचा न्याय उलटा आहे. इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये सामान पाठविल्यास भाडे घनमीटरावर घेतात; एक घनमीटर की एक टन, यांपैकी जे अधिक भरेल ते. घरगुती सामान टनाला सहसा पोहोचत नाही. म्हणून जड आणि आटोपशीर वस्तूंनी खुशाल समुद्रमार्गे यावे. आमच्या घरी पाट्या-वरवंट्यावरून जो वाद पेटला होता तो याच नियमाने मिटला. सासूबाईंनी दिलेला तो पाटा बडोद्याहून दुबईस गेला होता आणि तो तेथे टाकून येण्यास सौभाग्यवतींची मुळीच तयारी नव्हती. किलोच्या दराने त्याचे भाडे ऐकून आम्ही गप्पच झालो होतो. घनमीटरात त्याने पुस्तकांच्या खोक्याएवढीही जागा व्यापली नाही. पुस्तकांसाठी मात्र खोकी लहान घ्यावीत, अन्यथा ती उचलणार कोण?

सोफा, पलंग, कपाटे यांचा मोह सोडावा असे आमचे स्पष्ट मत आहे. एक सोफा जेवढी जागा अडवितो तेवढ्यात सारे स्वयंपाकघर येते. दूरदर्शन संचाचेही तेच: सपाट पडद्याचा संच २०१३ च्या ऑगस्टमध्ये शुल्कमाफीतून वगळण्यात आला. विजेचा दाब तेथेही आपल्याएवढाच असल्याने इस्त्री, मिक्सर येथे चालतात. फक्त प्लग चौकोनी पायांचा. तुळस मात्र तेथेच ठेवावी लागली. माती आणि रोपे परवान्याशिवाय देशात आणता येत नाहीत. शेजारच्या मलयाळी बाईंनी ती कुंडी आपल्या बाल्कनीत नेली, तेव्हा घर रिकामे झाल्याचे प्रथम जाणवले.

खरा खर्च पुढेच असतो. आम्हांला सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्या गृहस्थांचा भाव न्हावा-शेवा बंदरापर्यंतचाच निघाला, आणि तो खुलासा आम्ही तीनदा विचारल्यावर झाला. बंदरात सामान उतरविण्याचा आकार, गोदामभाडे, माल सोडवून घेण्याचा कागद, दलालाची फी आणि उशीर झाल्यास दिवसागणिक वाढणारे विलंबशुल्क हे सारे निराळे. ही रक्कम कित्येकदा बोटीच्या भाड्याहून अधिक भरते. म्हणून दर दारापर्यंतचा की बंदरापर्यंतचा, कस्टममधून सामान सोडविणे त्यात आले की नाही, हे लेखी घ्यावे. प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालून आतील वस्तूंची यादी करावी आणि वापरलेल्या वस्तूंपुढे तसे लिहावे. पासपोर्ट व ही यादी खोक्यात न बांधता हातात ठेवावी. मालकाच्या आगमनापूर्वी वा नंतर किती दिवसांत सामान यावे यास कस्टमची मुदत असते. हे नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी ताजे वाचून घ्यावेत. लाकडी पेटी केल्यास तिच्यावर उष्णतेने कीडमुक्त केल्याचा शिक्का असावा.

आमची नऊ खोकी पावसाळ्यापूर्वी घरी पोहोचली. इस्त्रीचा प्लग कोपऱ्यावरच्या वायरमनने पाच मिनिटांत बदलून दिला. पाटा अद्याप दिवाणखान्यात आहे. नव्या ओट्याखाली त्याची जागा कोठे करावयाची, यावर घरात एकमत झालेले नाही.