पाण्याची खूण

सांगलीतील एका घराच्या परसबागेची कुंपणभिंत तिसऱ्याच पावसाळ्यात झुकली. काळी माती ओलाव्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. उथळ पाया तिच्या हालचालीपुढे टिकला नाही. या खेपेस आजोबांनी मुरूम लागेपर्यंत पाया खोदवला आणि घराचे जोते ज्यांच्या हातचे, त्याच वृद्ध गवंडीमामांना बोलावले.

मामांच्या थैलीतून ओळंबा, लाइनदोरी आणि पारदर्शक नळीचे वेटोळे निघाले. पुण्याहून आलेल्या नातवाने लेझर लेव्हल आणली होती.

“मामा, नळीची दगदग कशाला?”

“बाळा, पाणी खोटं बोलत नाही.”

भिंत १२ मीटर लांब. दुपारच्या उन्हात लेझरची रेघ दिसेना. मामा गालांत हसले. सायंकाळी ती स्पष्ट उमटली. पहिल्या खुंटीवर दोघांची खूण एकच होती. शेवटच्या खुंटीवर मात्र त्यांत १५ मिलिमीटरांचे अंतर पडले. यंत्राच्या पुस्तिकेत १० मीटरला ३ मिलिमीटरपर्यंतचा फरक गृहीत धरला होता, इतका नव्हे. अंगणात शांतता पसरली. चाळीस वर्षांचा लौकिक आणि नवे यंत्र समोरासमोर उभे होते.

मामांनी वाद घातला नाही. खाली बसून त्यांनी नळी बोटांतून हळूहळू सरकवली. एका टोकाजवळ, उभ्या भागात, हवेचा बुडबुडा अडकला होता.

“पाणी खरंच आहे. भरणारा चुकला,” ते सर्वांदेखत म्हणाले.

त्यांनी बादली उंच ठेवून नळी संथपणे पुन्हा भरली. आता दोन्ही खुणांत जेमतेम २ मिलिमीटरांचा फरक राहिला.

नातवाचा विजयी चेहरा क्षणात ओशाळला. “मामा, यंत्र हातातून पडून बिघडलं असतं, तर मला कसं कळलं असतं?”

“ही नळी आहे ना.”

पुढील दिवसांत थरांची पातळी सायंकाळी लेझरने आखली गेली आणि सकाळी नळीने पडताळली गेली. भिंतीचा उभा सरळपणा ओळंब्याकडेच राहिला. जुने की नवे, हा प्रश्न पुन्हा कोणी काढला नाही. जे साधन दुसऱ्याकडून तपासून घेण्यास कचरत नाही, तेच विश्वासास पात्र ठरते, माणसाचेही तसेच.

शेवटच्या थराच्या दिवशी नळी नातवाने भरली. टोके उचलण्यापूर्वी त्याने ती बोटांतून सरकवून पाहिली. मामांनी ते पाहिले आणि काही न बोलता थापी उचलली.