चढा, उतरा, गाडी बदला

मुलगा परदेशी असला की त्याच्याकडे निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेत चटण्या, लोणची, मेतकूट सगळं जातं. तिथल्या बसमध्ये लागणारे चार शब्द मात्र कुणी बांधून देत नाही. मग नातवंड सांभाळत तीन महिने चार भिंतींतच जातात.

माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो. गेल्या वर्षी आई त्याच्याकडे निघाली, तेव्हा कॉलेजात असताना शिकलेलं जर्मन उजळून मी तिला एक वही करून दिली. आईचं माहेर कोल्हापूरचं. लग्नानंतर ती कन्नड शिकली ती बेळगावच्या बसमध्येच. ‘हत्री’, ‘इळीरी’, ‘मुंद होग्री’ ऐकत. त्यामुळे तिचा पहिला प्रश्न, ‘‘चढा-उतराला काय म्हणतात?’’

जर्मनमध्ये त्यासाठी एकच धातू, ‘श्टायगन’. ‘आइनश्टायगन’ म्हणजे चढणं, ‘आउसश्टायगन’ उतरणं, ‘उमश्टायगन’ गाडी बदलणं. सुरुवातीचा आवाज कानानं टिपला की झालं. ‘बिटं आलं आउसश्टायगन’ ऐकू आलं, की सगळ्यांनी उतरायचं. ‘नेख्स्टर हाल्ट’ म्हणजे पुढचा थांबा, ‘ग्लाइस’ म्हणजे रेल्वेचा फलाट.

दुसरा प्रश्न, ‘‘कंडक्टरच नाही, तर गाडी थांबवायला सांगायचं कुणाला?’’ बसमध्ये दांड्यावर बटण असतं, ते दाबायचं. मग पुढे ‘वागन हेल्ट’, म्हणजे गाडी थांबतेय, अशी अक्षरं उजळतात. तिकिटाला मात्र जपायचं. स्टेशनात शिरताना कुणी अडवत नाही, पण कागदी तिकिटावर बहुधा पेटीतून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याला ‘एन्टवेर्टन’ म्हणतात. साध्या कपड्यांतला तपासनीस केव्हाही ‘फारकार्टन, बिटं’ म्हणत समोर येतो. तिकीट नसलं तर दंड ६० युरो!

आणि सगळ्यांत कामाचा शब्द ‘एन्टशुल्डिगुंग’, म्हणजे माफ करा. त्याच्यापुढे ‘फेर्ट डीझर बुस त्सुम बानहोफ?’, ही बस स्टेशनला जाते का? कुणाशेजारी बसण्याआधी ‘इस्ट हीर नोख फ्राय?’, ही जागा रिकामी आहे ना? अनोळखी माणसाला ‘डू’ नव्हे, ‘झी’ म्हणायचं, हे आईला समजावावं लागलं नाही. आपल्याकडे ‘तुम्ही’ आणि ‘नीवु’ आहेतच की.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. भाऊ ऑफिसात असताना ती एकटी नातीला घेऊन बसने बागेत जाऊन आली होती. ‘‘कुणाची वाट बघत बसले नाही,’’ एवढंच म्हणाली. आयुष्यभर स्वतःच्या पायांवर हिंडलेल्या बाईला सत्तरीत दाराशी ताटकळणं किती जड जातं, ते त्या एका वाक्यात मला कळलं.

तुमच्या घरचं कुणी तिकडे निघालं असेल, तर अशी वही जरूर करा. उच्चार आपल्या लिपीत, मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारी जर्मन स्पेलिंगही द्या, कारण पाट्या त्याच अक्षरांत असतात. आणि निघण्याआधी आठवडाभर रोज संध्याकाळी घरात मोठ्यानं म्हणून घ्या. नातवंडं हसतील, हसू द्या.