आज्ञावलीचा अर्थ आणि तिची किंमत

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञानदिनानिमित्त खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनास शाळेचीं मुलें घेऊन आम्ही गेलों होतों. नारायणगांवाजवळच्या त्या माळावरील प्रचंड तबकड्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं दुरून तरी पाहिल्या असतील. एकूण तबकड्या ३०. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागीं, व उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. आकाशांतून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात, आणि मग दर दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशीं गुणावे लागतात. परतीच्या वाटेवर मुलांनीं जोड्या मोजल्या: पहिलीला २९ सोबतिणी, दुसरीला नव्या २८, असें करीत ४३५. हें गुणन संगणक दर सेकंदाला कोट्यवधि वेळां करतो. आणि आकाश कांहीं थांबत नाहीं! एका सेकंदाच्या लहरींना सवा सेकंद लागूं लागला, तर उत्तर अचूक असूनहि काम बुडालें. मागून येणाऱ्या लहरी सांठवावयाच्या कोठें?

मुलें मोजीत असतां आम्ही गप्प होतों. हीच गणती न केल्यामुळें आमची एकदां फजिती झाली होती.

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांतील १२,००० विद्यार्थ्यांची एक यादी आमच्याकडे आली होती. कोणाचें नांव दोनदां आलें असल्यास तें शोधून दुसऱ्या दिवशीं दुपारीं बारापर्यंत शुद्ध यादी पाठवावयाची होती. शिष्यवृत्त्या तिच्यावर अवलंबून होत्या. आम्हीं संगणकासाठीं एक आज्ञावली, म्हणजे ज्याला सर्वजण प्रोग्रॅम म्हणतात ती, लिहिली. प्रत्येक नांव दुसऱ्या प्रत्येक नांवाशीं ताडून पाहावें, इतकीच ती साधी. वर्गांतील ६० नांवांवर चालविली. उत्तर बिनचूक, तेंहि दोन सेकंदांच्या आंत. सायंकाळीं सात वाजतां मोठी यादी लावून आम्ही निश्चिंत झोपलों. सकाळीं पाहतों तों काम जेमतेम निम्मे! ६० नांवांच्या जोड्या १,७७०. १२,००० नांवांच्या मात्र ७,१९,९४,०००. जोडीला सेकंदाचा हजारावा भाग धरला तरी वीस तास. यादी २०० पट, पण श्रम ४०,००० पटींहून अधिक.

या शास्त्राचे पंडित आज्ञावलीचा अर्थ लावतांना 'उत्तर कोणतें' एवढ्यावर थांबत नाहींत. पायऱ्या किती, स्मृति किती, वीज किती, उत्तर चुकलेंच तर कितीसें चुकेल, हेंहि ते मोजतात. आणि तेंहि आज्ञावली न चालवितां, नुसती वाचून. प्रत्येक आज्ञावली थांबेल कीं नाहीं हें सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असूं शकत नाहीं, असें ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानें १९३६ सालीं सिद्ध केलें. म्हणून हे लोक नेमका आंकडा सांगतां न आल्यास 'याहून अधिक लागणार नाहीं' अशी मर्यादा काढतात. पंगतीचा शिधा काढणारी आजी याहून निराळें काय करते? उरलेलें चालतें, कमी पडलेलें चालत नाहीं. नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनकाळीं दान दिलेल्या गायींचे व नाण्यांचे आंकडे कोरलेले आहेत. मोजण्याची संवय या मुलुखाला दोन हजार वर्षांची. आम्हींच तेवढी टाकली होती.

त्या सकाळीं घाईनें आम्हीं आज्ञावली बदलली: ज्यांचें पहिलें अक्षर सारखें, तींच नांवें ताडावयाचीं. तासाभरांत काम उरकलें. पण किंमत उतरवितांना अर्थहि बदलला, हें ध्यानांत आलें नाहीं. कोणीं 'ज्ञानेश्वर' लिहिलें होतें, कोणीं 'द्न्यानेश्वर'. तीं दोन नांवें एकमेकांसमोर आलींच नाहींत. पुढें त्या मुलाचा अर्ज दोनदां आल्याचें कारण देऊन रोखण्यांत आला.

त्याचे वडील मंचरचा बाजार बुडवून आमच्याकडे आले. रागावले नाहींत. "मास्तर," ते म्हणाले, "नाव दोनदा आलंय, तर पैसं दोनदा नकोत, पण एकदा तरी मिळत्याल ना?"

खुलाशाचें पत्र आम्हीं त्यांच्यासमोरच लिहिलें. पैसे आले, पण दुसरें सत्र निम्में सरल्यावर. आतां आम्ही जन्मतारीख सारखी असलेलींच नांवें ताडतों. चार वर्षांच्या मुलांची तेवढीच यादी असली, तर जोड्या सुमारें पन्नास हजार होतात, मिनिटाचें काम. तारीख चुकीची लिहिली गेलेला मुलगा मात्र अजूनहि निसटतो; त्याकरितां ती वीस तासांची जुनी आज्ञावली आम्ही शनिवारीं सायंकाळीं, कोणतीहि मुदत नसतांना, लावून ठेवतों.